एकोणिसाव्या महिन्यात पैसे कोण देणार?

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या पहिल्या तपासणीला फारसं काही लागत नाही. रक्ताचा थेंब, द्रावणाची नळी आणि नळीमागे धरायला काळ्या रेघांचा कागद. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे, एवढंच कळतं. माणूस नुसता वाहक, म्हणजे ‘एएस’ आहे, की आजारी, म्हणजे ‘एसएस’, हे त्या नळीतून कळत नाही. त्यासाठी नमुना पुढे पाठवायचा, तिथे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी व्हायची आणि मग रिपोर्ट परत यायचा. गडचिरोलीच्या उत्तर भागात लॅब टेक्निशियन म्हणून मी बरीच वर्षं काढली. माझ्या पाहण्यात माणसं नळीपाशी सुटत नाहीत, नळीनंतर सुटतात. रिपोर्ट येतो तेव्हा घरदार मिरची तोडायला तेलंगणात गेलेलं असतं. ते परत येतात तेव्हा कागद कुठल्या फायलीत आहे ते कोणालाच ठाऊक नसतं. एसएस निघालेल्या पोराला हायड्रॉक्सियुरियाची गोळी सुरू होते, काही दिवस नीट चालते, मग मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम लागतो आणि गोळी मागे पडते. पुढे रोवणीच्या दिवसांत पोराचे हातपाय दुखायला लागतात आणि आई चिखलाच्या पायांनीच त्याला उचलून दवाखान्यात आणते.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं त्याचं उद्दिष्ट. तपासण्यांचा जोर वाढला, ते चांगलंच झालं. पण तपासण्या वाढल्या की नळीनंतरची गर्दीही वाढते. माझा मावसभाऊ पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत होता, तो कोविडात घरी येऊन बसला तो परत गेलाच नाही. माझं रोजचं रडगाणं ऐकून ऐकून त्याने आशाताईच्या फोनवर नेटवर्क नसतानाही चालेल अशी एक साधी यादी करून दिली. कोणाचा रिपोर्ट यायचा आहे, कोणाची गोळी कधी संपते, कोणाची सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, कधी करायची. जोडीला आपोआप जाणारा एक फोन, रेकॉर्ड केलेल्या आवाजात: मराठीत, गोंडीत आणि कोरचीकडच्या लोकांसाठी छत्तीसगडीत. बस. दोन उपकेंद्रांत ते चाललं, सिस्टरांना आवडलं, आणि मग पैशाची गोष्ट निघाली.

भावाने एक एक्सेल शीट केली. विकसनशील देशांतल्या डिजिटल आरोग्यासाठी जगात कोण कोण पैसे देतं त्याची. शीट बघून मला वाटलं, आता आपण दमणार ते अर्ज भरूनच. गेट्स फाउंडेशनची ग्रँड चॅलेंजेस एक्सप्लोरेशन्स, २००८ पासूनची: दोन पानी अर्ज, एक लाख डॉलरचं बीजभांडवल. युनिसेफचा व्हेंचर फंड: तोही एक लाख डॉलरपर्यंत, बदल्यात कंपनीत हिस्सा मागत नाही, पण तुमचं सॉफ्टवेअर मुक्तस्रोत, म्हणजे कोणालाही फुकट वापरता-बदलता येईल असं, पाहिजे आणि चालू अवस्थेतला नमुना दाखवता आला पाहिजे. ग्रँड चॅलेंजेस कॅनडा: पहिल्या टप्प्याला वेगळी रक्कम आणि काम वाढवण्याच्या टप्प्याला मोठी, पण त्या वेळी जेवढे ते देणार तेवढेच दुसरीकडून आणून दाखवायचे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचं मोबाइल हेल्थचं संशोधन अनुदान: त्यासाठी आधी एनकेज नावाचा कोड काढायचा, मग त्यांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून यूईआय हा संस्थेचा ओळखक्रमांक मिळवायचा आणि मग कुठे अर्जाचं पान उघडणार. शीटमधल्या काही ओळी पुढे आपोआपच खोडल्या गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेची परदेशी मदत थांबवली गेली आणि १ जुलै २०२५ ला तिकडची सरकारी मदतसंस्था यूएसएडचं कामकाजच बंद झालं. त्या पैशावर आपल्याकडचे कितीतरी उपक्रम अवलंबून होते.

शीट घेऊन आम्ही वडशाहून नागपूरला गेलो, एका सीए मॅडमकडे. ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड करत एस.टी.त सगळा रस्ताभर भाऊ मला अर्ज वाचून दाखवत होता. मॅडमनी शीटकडे बघितलंही नाही. म्हणाल्या, “आधी हे सांगा, तुम्ही कोण आहात? कंपनी, ट्रस्ट, की नुसते भाऊ-बहीण?”

कल्पना कितीही चांगली असली तरी कोणता पैसा तुमच्यापर्यंत पोहोचू शकतो हे तुमच्या नोंदणीवर ठरतं, आणि ते आधी कोणी सांगत नाही. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची बायरॅक ही संस्था २०१२ पासूनची. तिची ‘बिग’ नावाची ग्रँट, ५० लाखांपर्यंत, १८ महिन्यांसाठी. तिचे अर्ज १ जानेवारीला आणि १ जुलैला उघडतात आणि पैसा शेवटी कंपनीच्याच खात्यावर येतो. ट्रस्टचा तिथे उपयोग नाही. स्टार्टअप इंडियाची २०२१ ची बीजनिधी योजना, ९४५ कोटींची: संकल्पना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत अनुदान, पण इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या केंद्रामार्फत, आणि कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नको. विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या ‘प्रयास’मध्ये १० लाखांपर्यंत मिळतात, पण हातात धरता येईल असं उपकरण बनवत असाल तर. आमच्याकडे उपकरण नव्हतं, यादी होती. उलट सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर खर्चायचा, पैसा हवा असेल तर ट्रस्ट, सोसायटी किंवा सेक्शन आठची, म्हणजे नफा न वाटणारी, कंपनी लागते. १२ए आणि ८०जी ही प्राप्तिकराकडची नोंदणी लागते आणि एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ चा नोंदणी क्रमांकही लागतो.

आणि परदेशी पैसा म्हटला की एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा. संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी, त्या तीन वर्षांत १५ लाख रुपये कामावर खर्च झालेले दिसले पाहिजेत, खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतच पाहिजे. २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर जाता कामा नये, आणि एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणजे पूर्वी नागपूर-पुण्याच्या मोठ्या संस्थेने पैसा आणायचा आणि आमच्यासारख्यांनी गावात काम करायचं, ती वाटही गेली. त्यातून परदेशी पैशाने आरोग्यसंशोधन करायचं तर केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी वेगळी. माझं मत विचाराल तर नव्या, लहान संस्थेने पहिली दोन-तीन वर्षं परदेशी अर्जांच्या मागे लागूच नये. अर्ज लिहिण्याची सवय होते एवढाच फायदा. अपवाद संयुक्त राष्ट्रसंघाचा. त्यांचा पैसा कायद्यात ‘परदेशी स्रोत’ धरलेला नाही, म्हणून युनिसेफची ओळ आम्ही शीटमध्ये राहू दिली आणि सॉफ्टवेअर तेव्हाच मुक्तस्रोत करून टाकलं. भावाचे पुण्याचे मित्र म्हणाले, कोणी उचलून नेईल. मी म्हटलं, कोरची तालुक्यातल्या गोळ्यांच्या तारखा चोरून कोण श्रीमंत होणार आहे?

आम्ही खासगी मर्यादित कंपनी काढली आणि गावातल्या एका जुन्या ट्रस्टशी करार केला. त्या ट्रस्टकडे १२ए, ८०जी होतं, एफसीआरए नव्हतं. सॉफ्टवेअर कंपनीचं, गावातलं काम ट्रस्टचं. हिशेब अगदी पहिल्या दिवसापासून वेगळे. घरचीच माणसं दोन्हीकडे असली की लेखापरीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतो. सीए मॅडमनी करारात एक कलम हट्टाने घातलं: कंपनीचा कोणीही संचालक ट्रस्टकडून मानधन घेणार नाही.

अर्जांविषयी मी फार लिहीत बसत नाही. इंग्रजीत असतात, प्रत्येक रकान्याला अक्षरांची मर्यादा असते, आणि टीआरएल नावाची, तंत्रज्ञान कितपत तयार आहे ते मोजणारी, १ ते ९ अशी एक पट्टी असते, तिच्यावर आपण कुठे उभे आहोत ते लिहायचं असतं. आमची मान अडकली ती ‘यात नवीन काय?’ या रकान्यात. खरं सांगायचं तर तंत्रज्ञानात नवीन काहीच नव्हतं. तारखांची यादी आणि आठवणीचा फोन. एका सल्लागाराने फुकट सल्ला दिला की कृत्रिम बुद्धिमत्ता घाला, फोटोवरून पेशींचा आकार ओळखतो असं लिहा. लिहिता आलं असतं. पण सॉफ्टवेअर निदान करायला लागलं की ते वैद्यकीय उपकरण ठरतं, २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात, परवाना लागतो, चाचण्या लागतात. आणि मुळात आमच्याकडे निदानाची अडचण नव्हतीच. म्हणून आम्ही रकान्यात सरळ लिहिलं: नवेपण यादीत नाही, यादी कोणत्या दिवशी काय सांगते त्यात आहे. तेंदूपत्ता सुरू होण्याआधी दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या, असं ती एप्रिलमध्येच सांगते. मिरचीला जाणाऱ्या घराचा रिपोर्ट प्रलंबित असेल तर जाण्याच्या आधी सांगते. गावाचं कॅलेंडर आणि गोळीचं कॅलेंडर एकाच पानावर. एका परदेशी फाउंडेशनने यावर दोन ओळींचं नकारपत्र पाठवलं. दुसरीकडे नेमका हाच परिच्छेद मुलाखतीत वाचून दाखवला गेला.

बजेटवर मात्र खरी भांडणं झाली. आशाताईंना प्रत्येक पूर्ण पाठपुराव्यामागे मानधन आणि महिन्याचं रिचार्ज, अशा दोन ओळी मी घातल्या होत्या. जवळपास प्रत्येक ठिकाणी पहिली कात्री तिथेच लागली. “त्या तर शासनाच्याच कार्यकर्त्या आहेत, त्यांना वेगळं मानधन कशाला?” क्लाउड सर्व्हरच्या खर्चावर कोणी प्रश्न विचारला नाही, नागपूरच्या कार्यशाळेच्या जेवणावरही नाही. फक्त आशांच्या पैशावर. २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास राज्यभर आशांनी संप केला होता, तो मानधनासाठी होता आणि ऑनलाइन कामाच्या सक्तीची चीडही त्यात होती, हे या लोकांना कोणी सांगायचं? पहिल्या बैठकीत आमच्याच एका आशाताईने फोन पुढे करून दाखवला होता. स्क्रीनला खालून वरपर्यंत तडा, वर जागा संपल्याची सूचना. “मॅडम, आंदी याच्यातला कोन्ता ॲप काढू ते सांगा, मंग तुमचा टाकतो. आन् रिचार्ज कोन मारंल जी?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, बजेटची ओळ होती. ती ओळ काढायची असेल तर अर्ज मागे घेते, असं मी एका ठिकाणी बोलून बसले. भाऊ टेबलाखालून पाय मारत होता. ओळ राहिली, रक्कम निम्मी झाली.

ग्रामसभेचा विषय अर्जात ‘समुदायाची संमती’ म्हणून एका टिकमार्कपुरता होता. आमचा भाग पेसा, म्हणजे आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखाली येतो, त्यामुळे ग्रामसभेला विचारल्याशिवाय पुढे जायचं नव्हतं, आणि ते बरंच झालं. मी तपासणी, गोळी, फोन सगळं समजावून सांगितलं. माना हलल्या. मग मागे बसलेल्या एका आजीने विचारलं, “माया नातीचं नाव मोबाइलात गेलं त सोयरीक कोन जोडंल जी?” सभा एकदम जागी झाली. पुढचा बराच वेळ फक्त त्यावरच बोलणं झालं. कोणाची ठरलेली सोयरीक मोडली, कोणी लपवून लग्न केलं आणि दोघंही एएस निघाले, पोरगं एसएस. कोणाला तपासणी नको नव्हती. गावातल्याच एका बाईच्या फोनवर गावातल्या सगळ्या पोरींचे निकाल असावेत, हे कोणाला नको होतं.

भावाने त्यानंतर आतलं बरंच काही बदललं. आशाताईच्या स्क्रीनवर आता एएस-एसएस दिसतच नाही. घर क्रमांक, नावाचं पहिलं अक्षर, आणि ‘गोळी’ किंवा ‘रक्त तपासणी’ किंवा ‘सिस्टरला भेटणे’ यांपैकी एक काम. निकाल फक्त वैद्यकीय अधिकारी आणि समुपदेशकाला दिसतो. आपोआप जाणाऱ्या फोनमध्ये आजाराचं नाव नाही. “दवाखान्यातून बोलतो आहोत, तुमची तारीख आली आहे” एवढंच. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आम्ही नंतर वाचला, त्यातली बरीचशी कामं आजीच्या प्रश्नाने आधीच करून घेतली होती. मुलाखतीत गोपनीयतेवर प्रश्न आला तेव्हा मी कायद्याचं कलम सांगितलं नाही, आजीचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला.

शिफारसपत्रांचं गणित बाहेरच्या माणसाला कळत नाही, म्हणून थोडं सविस्तर. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. ग्रामीण रुग्णालय आणि त्याच्या वरचं उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. आमचा रुग्ण गोळी उपकेंद्रातून घेतो आणि दुखणं वाढलं की ग्रामीण रुग्णालयात जातो. म्हणजे एकाच पोरासाठी दोन कार्यालयांची पत्रं. अर्जात ‘शासकीय भागीदाराचं पत्र’ असं एकवचनी लिहिलेलं असतं. त्यात २०२४ साल दोन आचारसंहितांचं. मार्चच्या मध्यावर लोकसभेची लागली, आमच्याकडे १९ एप्रिलला मतदान झालं पण आचारसंहिता जूनपर्यंत राहिली. ऑक्टोबरात पुन्हा विधानसभेची. नव्या उपक्रमाला पत्र द्यायचं की नाही यावर त्या काळात कोणी सही करायला धजत नाही, आणि त्यांचंही काही चूक म्हणता येत नाही. ज्यांना जानेवारीचा अर्ज भरायचा आहे त्यांनी पत्रांसाठी पावसाळ्यातच फायली हलवाव्यात. पत्राचा मसुदा आपणच मराठीत लिहून न्यावा, एका पानाचा, आणि त्यात ‘शासनावर कोणताही आर्थिक भार पडणार नाही’ हे वाक्य घालू नये. मसुद्यात ते घालण्याची पद्धत आहे, त्यामुळे सही लवकर मिळते. पण पुढे पैसे मागायला त्याच टेबलावर यायचं असतं.

एका तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, “मॅडम, इथं पायलट लय येऊन गेले. मागची गाडी काही दिसली नाही.” हसण्यावारी नेलं, पण त्यांचं खरं होतं. युगांडाच्या आरोग्य मंत्रालयाने तर २०१२ च्या जानेवारीत असल्या सगळ्या ई-हेल्थ प्रयोगांवर सरसकट स्थगितीच आणली होती. देणगीदार येतात, एका तालुक्यात काहीतरी चालवून दाखवतात, अहवाल छापतात आणि जातात. एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. हे युगांडाचं उदाहरण मी पुढच्या प्रत्येक अर्जात वापरलं, कारण परीक्षकांना ते ठाऊक असतं आणि आपल्यालाही ठाऊक आहे म्हटल्यावर बोलणं जरा सरळ होतं.

नैतिकता समितीची मंजुरी, आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीकडून घेतली. कंटाळवाणं पण सरळ काम. संमतीपत्र गोंडीत देवनागरीत लिहून दिलं. समितीतल्या वकील मॅडमनी ते मोठ्याने वाचून दाखवायला लावलं.

अनुदानासाठीची मुलाखत ऑनलाइन होती. गावात नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून आदल्या दिवशीच नागपूर गाठलं. समितीत चार-पाच जण. पहिले प्रश्न अपेक्षित: गडचिरोलीबाहेर हे चालेल का, आरोग्याच्या नोंदी एकत्र जोडणाऱ्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी जोडणार का. त्याची तयारी होती. आभा या १४ अंकी आरोग्य ओळखक्रमांकाची जोडणी, सँडबॉक्समधले, म्हणजे जोडणी आधी तपासून बघायच्या जागेतले, एम-१, एम-२, एम-३ हे टप्पे, आणि शेवटी सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या यादीतल्या एजन्सीकडून सुरक्षा तपासणी. ही तपासणी फुकट होत नाही आणि बहुतेक जण तिचे पैसे बजेटमध्ये धरत नाहीत. आम्ही धरले होते. मग एका वयस्क बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, “अठरा महिने आम्ही देऊ. एकोणिसाव्या महिन्यात कोण देणार?”

सल्लागाराने दिलेल्या साच्यात याचं उत्तर तयार होतं: खासगी रुग्णालयांकडून वर्गणी, डेटाचं विश्लेषण विकणं, वगैरे. आमच्या तालुक्यात खासगी रुग्णालयं किती आणि त्यांत सिकलसेलचे रुग्ण जातात किती, हे मला माहीत असताना मी ते तोंडातून काढणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, सरकारनेच द्यायला पाहिजेत. चालवायचा खर्च तीनच गोष्टींचा आहे: आशांचं मानधन आणि रिचार्ज, छपाई, तालुक्याला एक पाठपुरावा करणारी व्यक्ती. सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे, त्याचं भाडं नाही. ही रक्कम राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या वार्षिक आराखड्यात, म्हणजे पीआयपीमध्ये, सिकलसेलच्या शीर्षाखाली एक ओळ म्हणून बसवायची. तिथे नाही बसली तर खाणींच्या पैशातून चालणारं जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, त्या निधीत आरोग्य प्राधान्याचा विषय आहे. तेही नाही तर जिल्हा नियोजन समितीची नावीन्यपूर्ण योजना. एक गृहस्थ म्हणाले, सरकार पैसे उशिरा देतं. मी म्हटलं, हो. पण तेंदूपत्ता दरवर्षी येतो, आणि दरवर्षी येणाऱ्या गोष्टीला दरवर्षी येणाराच पैसा लागतो. भाऊ नंतर म्हणाला, ताई, हे तू घरी पाठ केलं होतंस का?

मंजुरी आली, मागितल्यापेक्षा बरीच कमी. इन्क्युबेटरमार्फत एक भाग, आणि एका खाण कंपनीच्या सीएसआरमधून दुसरा. सीएसआरचा फोन फेब्रुवारीत आला. मागल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के मार्चअखेर मार्गी लावायचे असतात, तेव्हा ज्याच्याकडे कागद तयार त्याचं काम होतं. हे मी आता ओळखीच्या सगळ्यांना सांगते. इन्क्युबेटरच्या पैशाला टप्पे होते. स्वतंत्र नो-लिअन खातं (बँकेला ज्यावर हक्क सांगता येत नाही असं), प्रत्येक टप्प्याचा अहवाल, सीएची सही असलेलं विनियोग प्रमाणपत्र, मग पुढचा हप्ता. दोन हप्त्यांच्या मधल्या काळात पगार स्वतःच्या खिशातून द्यावे लागतात, आणि खिसा नसेल तर ग्रँट मिळूनही काम बंद पडतं. आम्ही माझ्या भविष्यनिर्वाह निधीवर निभावून नेलं. ज्यांच्याकडे तेही नाही त्यांनी पहिला हप्ता मोठा मागावा. मागितला तर कधी कधी देतात.

समितीने एक टप्पा नवीनच घातला: तिसऱ्या हप्त्याआधी जिल्ह्याचा लेखी प्रस्ताव दिसला पाहिजे. म्हणजे एकोणिसाव्या महिन्याचा प्रश्न त्यांनी आमच्या गळ्यात कागदावर बांधला. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, संपूर्ण मंजुरीपत्रात कामाची अट ती एकच होती.

प्रस्ताव लिहायला बसलो तेव्हा जिल्ह्याच्या कार्यक्रम व्यवस्थापकांनी पहिल्याच पानावर ‘नावीन्यपूर्ण डिजिटल मंच’ या शब्दांवर रेघ मारली. “हे तुमच्या ग्रँटवाल्यांसाठी ठेवा. इथं लिहा: एसएस रुग्णांचा नियमित पाठपुरावा. आणि कोणत्या कोडखाली ते वर लिहा.” मग त्यांनी मागच्या वर्षीच्या आराखड्याची प्रत काढली, सिकलसेलच्या ओळी दाखवल्या, कुठे पैसे मंजूर होऊन खर्च होत नाहीत तेही दाखवलं. प्रवासाच्या एका शीर्षाखाली रक्कम पडून राहत होती. तिथेच आमची ओळ जोडता येईल असं त्यांचं म्हणणं. ही माहिती कुठल्याही आंतरराष्ट्रीय संकेतस्थळावर मिळाली नसती, आणि ती द्यायला त्यांना अर्धा तासही लागला नाही.

प्रस्ताव आता मुंबईला गेलाय. त्याची एक प्रत खनिज प्रतिष्ठानकडे दिली आहे, बैठकीची तारीख लागायची आहे. वर जाण्याआधी लेखा विभागाने एकच शेरा मारून कागद परत पाठवला होता: आशांच्या मानधनाची रक्कम पाठपुराव्यांच्या संख्येशी जुळत नाही, एकतर संख्या कमी करा किंवा रक्कम वाढवा. आम्ही रक्कम वाढवून दिली.